कॅन्सर बरा झालेली मुले कोणत्या यादीत आहेत?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : बालपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांची तालुक्याच्या रुग्णालयात नोंद ठेवण्याबाबत.

महोदय,

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे ठाणे, नागपूर–हैदराबाद महामार्गावरचे. नागपूर इथून सुमारे दीडशे किलोमीटर, यवतमाळ सत्तरच्या आसपास, आणि तेलंगणातले आदिलाबाद या दोन्हींपेक्षा जवळ. मी इथल्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. मी डॉक्टर नाही. पण गावात शिक्षकाकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, दवाखान्याचे कागद वाचून घ्यायला येतात, आणि त्यामुळे कोणत्या घरात कोणते मोठे दुखणे येऊन गेले हे आम्हाला कळते. त्यातल्याच काही मुलांसाठी हे पत्र आहे.

मागणी आधीच सांगतो. लहानपणी कॅन्सर झाला आणि उपचार घेऊन जे बरे झाले, अशा प्रत्येकाची नोंद त्याच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात असावी. कोणती औषधे मिळाली, किती मिळाली, शेक (रेडिएशन) कुठे दिला, पुढची तपासणी कधी, हे मराठीत लिहिलेले एक कार्ड त्याच्या घरी असावे. माझ्या पाहण्यात अशी नोंद नाही आणि असे कार्डही नाही. त्याची किंमत कोरोनाच्या काळात दिसली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि विषय मागे पडला. २०२५ च्या मे-जूनमध्ये राज्यात रुग्ण पुन्हा वाढू लागले, तेव्हा पालकांनी मला तेच विचारले जे २०२० मध्ये विचारले होते. सर, हिला जास्त धोका आहे का? लस द्यायची का? शाळेत पाठवायची का? पाच वर्षे मध्ये गेली, पण हे प्रश्न कोणाला विचारायचे ती जागा आमच्या तालुक्यात तयार झाली नाही.

ही मुले कोण, हे थोडे सांगायला हवे, कारण कॅन्सर झालेले मूल वाचतच नाही असे अजूनही पुष्कळांना वाटते. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर, आणि त्यातही अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. निदान उशिरा होणे आणि उपचार अर्धवट सुटणे, ही या दरीची मोठी कारणे. आपल्या राज्यात परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाने ही दरी भरायला फार आधी सुरुवात केली. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथे एमसीपी ८४१ नावाची उपचारपद्धती आली. त्याआधी रक्ताच्या या कॅन्सरमधून पाचांत एखादेच मूल वाचत असे, नंतर निम्म्याच्या आसपास वाचू लागली. १९९१ च्या फेब्रुवारीत त्याच रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळी ओपीडी सुरू केली, ती एसीटी क्लिनिक या नावाने ओळखली जाते. मूल बरे झाले म्हणजे डॉक्टरचे काम संपले असे नाही, हे तिथे पस्तीस वर्षांपासून माहीत आहे. पुढे इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने बरे झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गटही उभा राहिला.

आमच्याकडून या उपचारांचा रस्ता ठरलेला आहे. आधी यवतमाळ, मग नागपूर किंवा सेवाग्राम, आणि तिथून मुंबईला पाठवले की आदिलाबादवरून जाणारी नंदिग्राम एक्स्प्रेस. मुंबईत राहायला दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, किंवा नशिबाने जागा मिळाली तर सेंट ज्यूडचे केंद्र. गाडगेबाबा आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. त्यांच्या नावाच्या छताखाली विदर्भातल्या किती आयांनी पोराच्या उशाशी रात्री काढल्या असतील. दोन-अडीच वर्षे हे चालते. कापूस वेचणारी, कधी जिल्ह्याबाहेर न गेलेली बाई ‘काउंट पडले’, ‘बोन मॅरो केली’, ‘पाठीतले इंजेक्शन झाले’ असे बोलू लागते. बापाने तोवर बैल विकलेले असतात. इतके करून, मूल जिवंत घेऊन, ते घर परत येते.

परत आल्यावर केस उगवतात, शाळा सुरू होते, आणि टाटाची जाडजूड फाईल लोखंडी पेटीत जाते. त्या दिवसापासून आमच्या तालुक्याच्या लेखी ते मूल इतर कोणत्याही मुलासारखे होते.

बहुतेक वेळा ते तसे असतेही. पण ज्या औषधांनी जीव वाचवला त्यांतली काही औषधे शरीरात खूण ठेवून जातात. डॉक्सोरुबिसिन आणि डॉनोरुबिसिन ही दोन औषधे लाल रंगाची असतात, पालक त्यांना ‘लाल सलाईन’ म्हणतात. ती हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतात, आणि ती इजा कधी दहा-पंधरा वर्षांनी वर येते. शरीराच्या दर चौरस मीटरला एकूण २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रा मिळाली असेल तर धोका मोठा धरतात, आणि अशा माणसाच्या हृदयाची इको तपासणी आयुष्यभर ठरावीक काळाने करायला सांगतात. ब्लिओमायसिन हे औषध फुफ्फुसाला त्रास देऊ शकते, छातीवर दिलेला शेक हृदय आणि फुफ्फुस दोन्हींना. ज्यांची पांथरी काढली किंवा पांथरीवर शेक दिला, त्यांना काही जंतूंचा संसर्ग झपाट्याने चढू शकतो, आणि हा धोका जन्मभराचा. दुसऱ्याचा बोन मॅरो बसवलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. म्हणजे ‘कॅन्सरमधून बरा झालेला’ असा एकच माणूस नसतो. एकाला काहीही जपायला नको, दुसऱ्याला साध्या न्यूमोनियातही दवाखान्यात धावायला हवे. हा फरक कळतो तो त्या पेटीतल्या फाईलमधून. ती फाईल इंग्रजीत असते, शंभर पानांची असते, आणि रात्री दोन वाजता ताप आलेले पोर घेऊन निघालेल्या बापाला ती सोबत घ्यायचे सुचत नाही.

आता कोरोनाकडे येतो.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आम्ही शिक्षक आणि आशाताई घरोघरी फिरलो. ऑक्सिमीटर, तापमापक आणि प्रश्नांचा कागद. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, हृदयविकार, किडनी, कॅन्सर? एका घरात बाई म्हणाली, “पोरीले होता जी, आता नाही.” मुलगी समोर अभ्यास करत बसली होती, दहावीतली. तिला आज कॅन्सर नव्हता, म्हणून कॅन्सरपुढे ‘नाही’ आले. हृदयविकारापुढेही ‘नाही’ आले, कारण उपचार संपल्यावर तिच्या हृदयाची तपासणी कधी झाली हे घरात कोणालाच आठवत नव्हते. दोन्ही उत्तरे खरी होती. मोहीम चांगली होती, तिच्यामुळे मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे कितीतरी लोक नव्याने सापडले, आणि साथीच्या धावपळीत नव्या याद्या करायला कोणाला उसंत नव्हती. ती यादी साथीच्या आधी तयार असायला हवी होती. पुढच्या साथीच्या आधी ती तयार हवी, एवढेच माझे म्हणणे.

त्याच वर्षी या मुलांच्या फेरतपासण्या बुडाल्या. २५ मार्चला देश बंद झाला. या महामार्गावरून हैदराबादकडून उत्तरेला पायी निघालेल्या मजुरांच्या रांगा आम्ही पाहिल्या, त्यांना पाणी-भाकरी दिली. एसटीची आंतरजिल्हा सेवा परत सुरू झाली ती २० ऑगस्टला, म्हणजे जवळजवळ पाच महिन्यांनी. तोवर ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही त्याने नागपूरला तपासणीला जायचे कसे? ही एकट्या आमच्या गावची गोष्ट नव्हती. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या ४१ केंद्रांचा अभ्यास नंतर ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आला. २०१९ च्या तुलनेत, मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटली होती आणि फेरतपासणीच्या भेटी ४६ टक्क्यांनी. नव्या रुग्णांबद्दल हळहळ झाली, बातम्या आल्या, ते योग्यच झाले. फेरतपासणी चुकलेल्यांबद्दल फारसे कोणी बोलले नाही. त्यातले जे बरे झालेले होते ते तर बहुधा परत गेलेच नाहीत. एकदा खंड पडला की घरचे म्हणतात, चांगला आहे ना, मग कशाला दोन दिवसांची मजुरी बुडवायची?

लसीचे तर मला आजही खुपते. १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरच्यांना आणि इतर आजार असलेल्या ४५ ते ५९ वयाच्यांना लस सुरू झाली. केंद्राने वीस आजारांची यादी दिली होती. गाठीच्या कॅन्सरसाठी अट अशी होती की निदान १ जुलै २०२० रोजी किंवा त्यानंतरचे हवे, किंवा उपचार चालू हवेत. रक्ताचा कॅन्सर यादीत होता, पण वयाची अट त्यालाही होतीच. आता हिशेब करून पाहा. आपल्या देशात लहान मुले कॅन्सरमधून मोठ्या संख्येने वाचू लागली ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून. तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल २०२१ मध्ये पंचेचाळिशीच्या आसपास पोचते, आणि त्यानंतर बरी झालेली सगळी त्याहून लहान. म्हणजे बालपणीच्या कॅन्सरमधून वाचलेली जवळजवळ सगळी पिढीच त्या वयाच्या अटीबाहेर राहिली. बावीस वर्षांच्या, हृदय कमजोर झालेल्या मुलाला १८ वर्षांवरच्यांची लस सुरू होण्याची, म्हणजे १ मेची वाट पाहावी लागली. मे उजाडला, तर राज्यात लसींचा तुटवडा होता, म्हणून १८ ते ४४ वयाचे लसीकरण १२ मेपासून थांबवावे लागले आणि जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या लाटेचा सगळा भर त्याच महिन्यांत होता. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना लस मिळाली ती ३ जानेवारी २०२२ पासून, बारा ते चौदाच्या मुलांना त्या वर्षीच्या १६ मार्चपासून. लसी कमी होत्या, वृद्ध मरत होते, त्यांना आधी देणे बरोबरच होते. पण ज्यांचे हृदय किंवा फुफ्फुस उपचारांनी अधू झाले होते अशा मूठभर तरुणांना वय न पाहता लस देणे अशक्य नव्हते. ते मूठभर कोण, हे कोणत्याच तालुक्याला सांगता आले नसते, आणि खरी अडचण तीच होती.

धोका खरोखर किती होता? इथे मी जपून लिहितो, कारण भीती पसरवायची नाही. ज्या मुलांचे उपचार चालू होते त्यांच्याबद्दल जगभरातून माहिती गोळा झाली. अमेरिकेतले सेंट ज्यूड रुग्णालय आणि बालकॅन्सरतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून एक नोंदवही उघडली होती. ४५ देशांतल्या १,३१९ मुलांचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे २० टक्के मुलांचा कोरोना गंभीर झाला, आणि ३.८ टक्के मुले कोरोनामुळे दगावली. निरोगी मुलांमध्ये मृत्यू फार विरळ होते, म्हणून हा आकडा मोठा आहे. गरीब देशांतल्या मुलांची अवस्था अधिक वाईट झाली. उपचार संपून वर्षे लोटलेल्यांचे चित्र वेगळे निघाले. स्वीडन आणि डेन्मार्क इथल्या १३ हजारांहून अधिक बरे झालेल्या प्रौढांचा अभ्यास २०२५ मध्ये आला. या लोकांना कोरोनाची लागण इतरांपेक्षा कमी झाली होती, बहुधा ते स्वतःला जपत होते म्हणून. पण लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता त्यांच्यात ५८ टक्क्यांनी जास्त होती. आणि ज्या देशाने निर्बंध सैल ठेवले त्या स्वीडनमध्ये हा फरक अधिक ठळक होता. दोन्ही देशांत प्रत्येक नागरिकाची आरोग्यनोंद असते, म्हणून हा अभ्यास होऊ शकला. आपल्याकडे अशा मुलांचे कोरोनात काय झाले हे मोजायचे ठरवले तर सुरुवात कुठून करायची?

आपल्या राज्याला नोंदींचे काम नवे नाही. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये आपल्याच बार्शीत सुरू झाली, आणि गावोगाव फिरून ती चालवणाऱ्यांचे काम देशाला उपयोगी पडले. पण नोंदणीत निदान येते आणि मृत्यू येतो. मधले आयुष्य, वाचलेल्या मुलाची पुढची पन्नास वर्षे, तिच्यात बसत नाहीत. ती तालुक्यानेच लिहायची आहेत.

हे पत्र खुले आहे, म्हणून इथे थोडे पालकांशी बोलतो.

तुमच्या मुलाचे उपचार चालू असतील, किंवा संपून वर्ष झाले नसेल, तर ताप हीच घाईची खूण समजा. काखेत किंवा तोंडात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप दिसला की गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालय गाठा आणि गेल्या गेल्या सांगा की याला कॅन्सरचे उपचार झाले आहेत. पांथरी काढलेल्या मुलासाठी हा नियम कायमचा. उपचार संपून बरीच वर्षे झाली असतील आणि हृदय, फुफ्फुस ठीक असेल, तर तुमच्या मुलाने कोरोनाला इतर मुलांपेक्षा फार घाबरण्याचे कारण नाही. त्याला घरात कोंडू नका. २०२० ते २०२२ मध्ये शाळा सुरू झाल्यावरही काही घरांनी मुलींना परत पाठवले नाही, आजाराचे कारण पुढे केले, आणि त्या मुली नंतर शाळेत दिसल्या नाहीत. कॅन्सरने जे हिरावले नाही ते भीतीने हिरावले.

किमोथेरपीत लहानपणीच्या लसींचा परिणाम पुसला जाऊ शकतो. गोवर, कावीळ ब यांसारख्या लसी उपचारांनंतर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा द्यायच्या का, हे तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. बोन मॅरो बसवलेल्यांचे वेळापत्रक निराळे असते. दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस यांच्याबद्दलही विचारा, आणि कोरोनाची लस किंवा पुढचा डोस याबद्दलही. घरातल्या मोठ्यांनी लस घेतली तर मुलाचा निम्मा बचाव तिथेच होतो. कोरोनात सर्दीवर मेडिकलमधून डेक्सामिथासोनच्या गोळ्या घेणारे पुष्कळ पाहिले. हेच स्टेरॉइड तुमच्या मुलाला रक्ताच्या कॅन्सरसाठी दिले होते, ते किती जोरकस असते हे तुम्हाला दुसऱ्या कोणी सांगायला नको. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. साथ असली तर केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्रातल्या गर्दीत, आठवडी बाजारात, भरलेल्या एसटीत मास्क लावा. ऑक्सिमीटर घरात असेल आणि आकडा ९४ च्या खाली जात असेल, तर थांबू नका.

आणखी दोन गोष्टी आमच्याच मातीतल्या. छातीवर शेक घेतलेल्या किंवा ब्लिओमायसिन मिळालेल्या मुलाच्या पाठीवर फवारणीचा पंप देऊ नका. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. धडधाकट माणसे गेली, तर अधू फुफ्फुसाचे काय होईल? आणि खर्रा. चौकातल्या टपरीवर सोळा वर्षांची पोरे खर्रा घोटून खातात. ज्याने एकदा कॅन्सर पाहिला त्याने त्या टपरीकडे फिरकूच नये, आणि त्याच्यासमोर बापानेही खाऊ नये.

फाईल पेटीतून काढा. शेवटच्या पानांवर उपचारांचा सारांश असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला मिळणारी प्रवास-सवलत फेरतपासणीसाठीही चालते, रुग्णालयाचे प्रमाणपत्र तेवढे लागते.

आता एक अवघड बाब, महोदय. नोंद ठेवू म्हटले की पालक घाबरतात. एका बाईने मला स्पष्ट विचारले, “कायले लिवता जी? पोरीचं लग्न करा लागते.” तिची काळजी खरी आहे. गावात ‘हिला कॅन्सर झाला होता’ हे एकदा फुटले की स्थळे येत नाहीत. मुलाचे तरी कसेबसे जमते, मुलीचे जमत नाही. म्हणून घरे आजार लपवतात, लग्नात लपवतात, बाळंतपणात लपवतात. बाळंतपणात हृदयावर भार येतो. ज्या मुलीला लाल औषध जास्त मिळाले होते तिच्या डॉक्टरला ते माहीत नसणे किती धोक्याचे! कोरोनातही हेच झाले. दवाखान्यात आधीचा आजार विचारला की ‘काही नाही’ असे उत्तर. ही लाज मुलींची नाही, आपली सगळ्यांची आहे. पण ती जाईपर्यंत थांबता येणार नाही. म्हणून नोंद असावी ती रुग्णालयात, कुलपाआड, क्रमांकाने. ग्रामपंचायतीच्या फलकावर नाही, शाळेच्या हजेरीतही नाही. कार्ड मुलाच्या हातात, दाखवायचे की नाही तो निर्णय त्याचा. एवढी खात्री तुमच्या खात्याने लेखी दिली तर आम्ही शिक्षक, आशाताई आणि अंगणवाडीताई घरोघरी जाऊन पालकांना पटवू शकतो.

हे होऊ शकते, कारण आमच्या भागात असे कार्ड लोकांनी पाहिले आहे. कोलाम, गोंड आणि इतर समाजांत सिकलसेल आहे, आणि तुमच्याच खात्याने सिकलसेलच्या रुग्णांना आणि वाहकांना कार्डे दिली. ती मुले खिशात कार्ड ठेवतात, दवाखान्यात दाखवतात, डॉक्टर पाहताच समजतो. त्या कार्डाने कित्येकदा वेळ वाचवला आहे. सिकलसेलसाठी जे जमले ते संख्येने त्याहून फार थोड्या असलेल्या या मुलांसाठी जमणारच.

यंत्रणाही उभी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचे पथक दरवर्षी आमच्या शाळेत येते, दात, डोळे, वजन, हृदयातला छेद तपासते. त्याच कागदावर ‘पूर्वी कॅन्सरचे उपचार झाले आहेत का?’ हा एक प्रश्न वाढवा. उत्तर ‘हो’ आले की मुलाला उपजिल्हा रुग्णालयात पाठवायचे आणि तिथे नोंद उघडायची. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली. यवतमाळचे केंद्र उभे राहील तेव्हा महिन्यातला एक दिवस बरे झालेल्यांसाठी राखून ठेवा. इको, रक्ततपासणी, वजन-उंची, लसींचा आढावा, आणि मुंबई-नागपूरच्या डॉक्टरांशी फोनवर सल्ला. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयात इको मशीन चालवणारे डॉक्टर आहेत, त्यांच्यापुढे योग्य मूल योग्य वेळी बसवायचे आहे.

कार्डावरचा मजकूर तुमच्या खात्याने टाटा मेमोरिअलच्या एसीटी क्लिनिककडून आणि नागपूरच्या बालकॅन्सरतज्ज्ञांकडून तयार करून घ्यावा. एकाच पानाचा, मराठीत, आणि आमच्या तालुक्यासाठी तेलुगूतही, कारण सीमेवरच्या गावांतले काही पालक तेलुगूच वाचतात. औषधांची नावे आणि एकूण मात्रा, शेकाची जागा, पांथरी आहे की नाही, शेवटची इको कधी झाली, कोणत्या लसी पुन्हा दिल्या, आणि तळाशी ठळक अक्षरांत : ताप आल्यास काय करावे. पुढच्या कोणत्याही साथीत प्राधान्ययादी करताना या कार्डावर हृदय, फुफ्फुस, पांथरी किंवा बोन मॅरोची खूण असलेल्यांना वयाची अट लावू नये, असा शासननिर्णय आजच काढून ठेवावा. साथ सुरू झाल्यावर तो काढायला वेळ मिळत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिले.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील आणि पथकाच्या भेटींचे वेळापत्रक लागेल. त्याआधी तो एक प्रश्न तपासणीच्या कागदावर यावा. केळापूर, झरी जामणी आणि घाटंजी या तीन तालुक्यांत पहिल्या वर्षी करून पाहायला सांगितलेत तर शाळांकडून लागेल ती मदत आम्ही करू. माझ्याकडून यादी मागू नका, मी ती कोणाला देणार नाही. पथकाचे डॉक्टर, आशाताई आणि पालक यांना एकत्र बसवण्यासाठी शाळेची खोली मात्र हवी तेव्हा मिळेल, रविवारीसुद्धा.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक
पांढरकवडा, ता. केळापूर, जि. यवतमाळ